गोष्ट उसनी, ग्रंथ विकत

तळेगावजवळ नागपूर-अमरावती महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता आष्टीकडे जातो. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावासाठी ओळखलं जातं. नावापुढे ‘शहीद’ लागतं ते त्यामुळेच. भोवती संत्र्याच्या बागा, कापूस, तूर, सोयाबीन. अशा गावात पुस्तकांचं दुकान म्हणजे मुख्यत्वे शाळेच्या सामानाचं दुकान. जून-जुलैत वह्या आणि गाईडं, पुढे पोलीस भरती-तलाठी भरतीचे प्रश्नसंच, वर्ष सरताना कालनिर्णय. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, तिथल्या फळीवर सापडायची नाही. पण तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या पोरांना नारुटो, लफी किंवा लेव्ही कोण, हे विचारून पाहावं. उत्तर मिळतं, आणि वर ‘ॲनिमे पाहिला की मांगा वाचला’ असा उलट प्रश्नही येतो. ॲनिमे म्हणजे अशाच कथांची पडद्यावरची चलतचित्र मालिका.

हा वाचक मांगा वाचतो आणि विकत मात्र क्वचितच घेतो. असं का, हा या प्रस्तावनेचा विषय.

त्याचं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: मोबाइलवर फुकट मिळतं, म्हणून पोरं पैसे मोडत नाहीत. ते खोटं नाही, पण आष्टीच्या बाजूने पाहिलं तर फार तोकडं आहे. महाराष्ट्रात गोष्ट वाचणं आणि पुस्तक विकत घेणं ही दोन वेगळी कामं फार पूर्वीपासून आहेत. एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला जिना होता: वाचनालय, भाड्याने पुस्तक देणारं दुकान, मित्राकडची प्रत, रद्दीवाला, आणि सगळ्यात वर स्वतःचं कपाट. मांगा इथे पोहोचला तेव्हा सगळ्यात खालची पायरी मोबाइलवर होती आणि सगळ्यात वरची ऑनलाइन दुकानात. मधल्या पायऱ्या नव्हत्याच. या वाचकाच्या खरेदी-नखरेदीचा विचार त्या रिकाम्या जागेपासून करायला हवा.

आधी घरातल्या पुस्तकांकडे पाहू. या पट्ट्यातल्या घरांत विकत घेतलेली पुस्तकं कोणती असतात? तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी इथून दूर नाही, त्यामुळे त्यांची ४१ अध्यायांची ग्रामगीता बऱ्याच घरी सापडते. शिवाय हरिपाठ, एखादी पोथी, बाबासाहेबांचे ग्रंथ, १९७३ पासून निघणारं कालनिर्णय, पोरांची पाठ्यपुस्तकं. ही सगळी पुन्हा पुन्हा उघडली जाणारी पुस्तकं आहेत. पारायणाला, संदर्भाला, तिथी पाहायला, परीक्षेला लागणारी. कादंबरी, रहस्यकथा, चित्रकथा या एकदा वाचून संपणाऱ्या गोष्टी, आणि एकदा वाचायच्या वस्तूला रोख पैसे द्यायचे नाहीत हा घरचा साधा हिशेब. ग्रंथ विकत घ्यावा, गोष्ट उसनी आणावी. मांगा वाचणाऱ्या पोराला आई विचारते, ‘फुकटात भेटते त मंग इकत कायले घेतं?’ तो प्रश्न याच हिशेबातून येतो. त्याच्या आजीने तो कादंबरीबद्दल विचारला असता.

या उसनवारीवर मराठी करमणुकीच्या वाङ्मयाचा मोठा डोलारा उभा राहिला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे वाचक लाखांनी होते, पण त्यांतल्या बहुतेकांनी झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांना भेटायला सर्क्युलेटिंग लायब्ररीचा रस्ता धरला. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपराही बरीचशी वाचनालयांनी तगवली: ठरावीक वर्गणी भरायची आणि दिवाळीनंतर महिनोन्‌महिने एकेक अंक घरी न्यायचा. १९६७ मध्ये राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि अनुदानाच्या आधारावर गावोगावी वाचनालयं उभी राहिली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. त्यांच्या कपाटांत काय आलं आणि काय आलं नाही, यावर एकेका तालुक्याची वाचनाची आवड ठरली.

चित्रकथांचंही तेच झालं. ‘चंदामामा’ मराठीत १९५२ पासून ‘चांदोबा’ होऊन आला. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. तिच्यातला फँटम मराठी मुलांचा वेताळ झाला. अनंत पै यांची अमर चित्रकथा १९६७ ची. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ चं. विदर्भात यांच्या जोडीला हिंदी कॉमिक्स होती. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव नागपूर-अमरावतीकडच्या पोरांना मराठी नायकांइतकेच घरचे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा मोठा मुलगा ओसरीवर दोरी बांधून त्यावर कॉमिक्स टांगायचा आणि काही पैशांत तिथेच बसून वाचायला द्यायचा. एक प्रत वीस-पंचवीस हातांतून जायची. विकत घेणारा एकच, पण तो घ्यायचा, कारण बाकीचे वाचणार हे त्याला माहीत असायचं.

गंमत म्हणजे मांगाच्या मायदेशातही व्यवहाराची घडण अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये भाड्याने पुस्तकं देणाऱ्या ‘काशिहोन’ दुकानांचं जाळं होतं. शिगेरु मिझुकी आणि योशिहिरो तात्सुमी यांच्यासारखे चित्रकार त्या दुकानांसाठी काढत काढत मोठे झाले. पुढे साप्ताहिकं आली. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’च्या एका अंकात वीसेक मालिकांची एकेक प्रकरणं असतात. जाडजूड, स्वस्त कागदावर छापलेला अंक लोकलमध्ये वाचायचा आणि उतरताना टाकून द्यायचा. १९९४ च्या अखेरीस या साप्ताहिकाच्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या. यांतली जी मालिका मनात भरेल तिचे सुटे खंड निघतात, त्यांना ‘तांकोबोन’ म्हणतात. ते विकत घ्यायचे आणि कपाटात ओळीने लावायचे. म्हणजे वाचायची प्रत वेगळी, ठेवायची प्रत वेगळी, आणि दोन्हींच्या किमती त्यांच्या कामाला साजेशा.

याशिवाय दुकानात उभ्या उभ्या फुकट वाचून जाणारे असतातच. जपानीत त्यांच्या सवयीला स्वतंत्र शब्द आहे, ‘ताचियोमी’. दुकानदार त्यांना कंटाळले आणि खंडांना प्लास्टिकचं वेष्टन घालू लागले. तासावर पैसे घेऊन वाचू देणारे मांगा कॅफे निघाले. क्योतो शहरात २००६ मध्ये जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय उघडलं. तिथे भिंतीवरच्या हजारो खंडांतला कोणताही काढायचा आणि हिरवळीवर लोळत वाचायचा. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. घराघरांत पुस्तकं ठेवलेली, कोणीही यावं, बसावं, वाचावं. क्योतोची हिरवळ आणि भिलारची ओसरी एकाच समजुतीवर चालतात: आधी वाचू द्या, घेणारा नंतर घेईल.

आष्टीच्या वाचकाला मांगा मिळाला तो या साखळीतून तुटून. साधारण क्रम असा. २००५ मध्ये हंगामा टीव्हीवर डोरेमॉन हिंदीतून सुरू झाला, पुढच्या वर्षी शिनचॅन. ते पाहणारी पोरं मोठी होत असताना सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. टीव्हीवरची मालिका मोबाइलवर आली, तिचे पुढचे भाग कधी येणार याची वाट पाहणं असह्य झालं, आणि कोणी तरी सांगितलं की पुढची कथा मांगात आधीच छापून झाली आहे. बहुतेकांचं पहिलं पान असं उघडतं, शंभर-दीडशेव्या प्रकरणापासून, टेलिग्रामवर आलेल्या फाइलमधून. पहिला खंड हातात घेऊन सुरुवात करणारे विरळा.

इथेच भाषेची पहिली अडचण येते. ॲनिमे हिंदीत ऐकला, मांगा इंग्रजीत वाचायचा. ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात लागला तेव्हा जपानी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजांतही लागला. छापील मांगाला असं भाग्य नाही. दुकानात येतात ते अमेरिकेतल्या विझ, कोडान्शा यूएसए यांसारख्या प्रकाशकांचे इंग्रजी खंड. नारुटो, वन पीस, डेथ नोट मराठीत मिळत नाहीत. पडद्यावर हलणारं चित्र अर्थ सांभाळून नेतं. पानावरच्या फुग्यातलं तुटक, बोलभाषेतलं इंग्रजी मराठी माध्यमाच्या मुलाला अडवतं. तो अडखळत वाचतो, चित्रांवरून समजून घेतो, फुकट आहे तोवर चालवून घेतो. अर्धंमुर्धं कळणाऱ्या गोष्टीला चारशे रुपये द्यायची त्याची तयारी नसते, आणि त्यात कंजूसपणा शोधण्यात अर्थ नाही.

किमतीचा हिशेब तर उघड आहे. इंग्रजी खंडाची छापील किंमत आता साधारण चारशेच्या घरात किंवा वर असते. परदेशी पुस्तकांवर जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पापासून पाच टक्के सीमाशुल्क आहे, डॉलर आणि वाहतूक वेगळी. चारशे रुपये एकदाच द्यायचे असते तर वर्षातून दोन-तीनदा जमलं असतं. पण मांगा एका खंडाने संपत नाही. मासाशी किशिमोतोचा नारुटो ७२ खंडांचा. चारशेने गुणलं तर २८ हजार ८०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये, म्हणजे नारुटो पूर्ण करायला जवळपास साडेपाच क्विंटल सोयाबीन विकावं लागेल, तेही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू एकराचं वर्षाचं पीक कित्येकदा एवढंच असतं. १९९७ पासून चालू असलेला आणि ११० खंडांच्या पुढे गेलेला वन पीस तर हिशेबातच धरायला नको.

म्हणून विकत घेणारे काय घेतात, हे पाहण्यासारखं आहे. निवड उगाच होत नाही. छोट्या मालिका आधी जातात: डेथ नोटचे १२ खंड, डीमन स्लेयरचे २३. कोणी फक्त पहिला खंड घेतो, खूण म्हणून. कोणी मधलाच एक, ज्यात आवडतं पात्र मरतं किंवा जिंकतं तो. वाढदिवसाला मित्र वर्गणी काढून एखादा खंड देतात. चित्रकलेचा नाद असलेला मुलगा ‘बर्सर्क’ किंवा ‘व्हॅगाबाँड’ घेतो, कारण मोबाइलच्या काचेवर केंतारो मिउरा किंवा ताकेहिको इनोउए यांची रेष नीट वाचता येत नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. ते मूळ जपानी खंड शोधतात, कारण किशोरांच्या मांगात अवघड कांजी अक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो आणि वाचता वाचता अभ्यास होतो. या सगळ्यांनी तो मांगा आधी कुठे तरी वाचलेला असतो. त्यांच्यासाठी तो गोष्टीच्या रांगेतून उठून ग्रंथाच्या रांगेत जाऊन बसलेला असतो. घरातला जुना नियम ते मोडत नाहीत, पाळतातच.

हातातला खंड पाहिला की या निवडी आणखी कळतात. तळहातापेक्षा थोडा मोठा, दोनशे पानांच्या आसपास, आत सगळं काळं-पांढरं. उघडायचा मराठी पुस्तकाच्या शेवटाकडून, पानं उजवीकडून डावीकडे, चौकटीही तशाच. सवय नसलेल्या वाचकाने डावीकडून सुरुवात केली तर कित्येक खंडांत तिथेच त्याला परत फिरवणारी सूचना छापलेली असते. वडिलांच्या हाती पडला की पहिला शेरा येतो, ‘रंगीत पण नाही?’ रंग नाही, पण करडी छटा आहे, आणि ती बारीक ठिपक्यांच्या जाळीने साधलेली असते. केस, सावली, संध्याकाळचं आभाळ, सगळं त्या ठिपक्यांवर उभं असतं. बनावट प्रत ओळखायची खूण हीच. ऑनलाइन दीडशे-दोनशेत मिळणाऱ्या नकली खंडांत चित्रं स्कॅनवरून छापलेली असतात. ठिपके एकमेकांत मिसळून डाग पडतात, काळा रंग राखाडी उतरतो आणि बांधणीकडची चौकट अर्धी गिळली जाते. एकदा फसलेला वाचक पुढच्या वेळी अस्सल प्रत शोधेलच असं नाही. पुष्कळदा तो छापील मांगाचा नादच सोडतो. ज्या गावात पुस्तक हातात घेऊन, चाळून, मग पैसे देण्याची सोय नाही, तिथे हा धोका दुप्पट.

चोरट्या प्रतींचा प्रश्न टाळून हा विषय पुढे जाणार नाही. जपानमध्ये ‘मांगामुरा’ नावाचं चोरटं संकेतस्थळ एप्रिल २०१८ मध्ये बंद पडलं. चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि २०२४ मध्ये तोक्योच्या न्यायालयाने कादोकावा, शुएशा आणि शोगाकुकान या प्रकाशकांना सुमारे १.७ अब्ज येन भरपाई द्यायला सांगितलं. पण जपानी प्रकाशक नुसते कोर्टात गेले नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये ‘शोनेन जंप’चं स्वस्त डिजिटल सभासदत्व ज्या मोजक्या देशांत सुरू झालं त्यांत भारत होता. जानेवारी २०१९ मध्ये शुएशाने ‘मांगा प्लस’ काढलं, जपानमध्ये छापून येतं त्याच सुमारास ताजं प्रकरण फुकट वाचायला देणारं. फुकट वाचू दिलं की विक्री बुडते, ही भीती त्यांनी बाजूला ठेवली. काशिहोनच्या काळापासून त्यांचा अनुभव उलट होता. मांगा प्लस इंग्रजी-स्पॅनिशवरून पुढे इंडोनेशियन, थाई, व्हिएतनामी भाषांत गेलं. हिंदी-मराठीची पाळी आली नाही, आणि टेलिग्रामच्या फाइलवर वाचणाऱ्या कित्येकांना ही कायदेशीर वाट मुळात ठाऊकच नाही.

भारतीय वाचकाच्या हाती मांगा विकत ठेवण्याचा एक प्रयोग फार आधी झाला आहे. युकिची यामामात्सु हा पन्नाशी उलटलेला जपानी चित्रकार २००४ मध्ये दिल्लीत आला. हिरोशी हिराता यांची सामुराईंची एक जुनी मांगा हिंदीत करून घेऊन, छापून रस्त्यावर विकायची असा त्याचा बेत. हिंदी येत नाही, इंग्रजीही जेमतेम, भाषांतरकार आणि छापखाना शोधताना नाकी नऊ. खपाच्या बाबतीत त्याच्या पदरी फारसं काही पडलं नाही, पण त्या फजितीवर त्याने जी मांगा काढली ती चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने इंग्रजीत आणली, ‘स्टुपिड गाय गोज टू इंडिया’ या नावाने. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: तेव्हाच्या दिल्लीकराला ती कथा, तो नायक, ती चित्रपद्धत आधी कुठेच भेटलेली नव्हती. अनोळखी वस्तूला कोणी पैसे देईना. आज नेमकी उलट स्थिती आहे. ओळख अफाट आहे, आणि त्या वेळी यामामात्सुकडे होतं ते, म्हणजे देशी भाषेतलं परवडणारं पुस्तक, तेवढं नाही.

जपानी पुस्तक मराठीत चालत नाही, असं म्हणायलाही आधार नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टने कमी किमतीत आणलं आणि शिक्षकांनी, पालकांनी ते विकत घेतलं, भेट दिलं. मराठी चित्रकथेला विकत घेणारा वाचक नाही, हेही खरं नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज फुकटासारखा वाचायला मिळत होता, तरी त्याची संकलनं पुस्तकरूपाने निघाली आणि घरोघरी गेली. रोजच्या पेपरात वाचायची, मग आवडली म्हणून पुस्तक घ्यायचं. शोनेन जंप आणि तांकोबोन यांचा व्यवहार मराठीत याच रीतीने घडून गेलेला आहे. हिंदीत तोमोको किकुची यांनी फुमियो कोनोंची हिरोशिमावरची मांगा अनुवादित केली आणि ती वाणी प्रकाशनाने काढली. विदर्भातल्या हिंदी सहज वाचणाऱ्या मुलांसाठी तीही हाताशी आहे.

हा विषय पुढे अभ्यासायचा तर महानगरातले कॉमिक कॉन आणि मॉलमधली दुकानं यांच्यावर थांबून चालणार नाही. तिथला ग्राहक आधीच जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा असतो. तालुक्याच्या गावातल्या मधल्या पायऱ्यांचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत आणि ते अगदी व्यवहारातले आहेत. अनुदानित वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीपुढे मांगाचं नाव कोणी मांडतं का? कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या मदतीतून येणाऱ्या पुस्तकांत चित्रकथांचा वाटा किती? डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलं तसं पुस्तक आदान-प्रदान वर्धा जिल्ह्यात भरलं, तर नारुटोचे सुटे खंड हातोहात फिरतील का? फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं साहित्य संमेलन वर्ध्यात झालं तेव्हा पुस्तकांच्या दालनांत कॉलेजची पोरं होती; त्यांच्यासाठी कोणत्या गाळ्यावर काय होतं? जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात डेथ नोटचा १२ खंडांचा एकच संच वाचनालयाने घेतला आणि आष्टी, आर्वी, कारंजा असा फिरवला तर त्याचा खर्च पाच हजारांच्या आसपास येतो. वर्षभरात तो संच किती जणांच्या नावावर चढला आणि त्यांतल्या किती जणांनी पुढे स्वतःचा खंड मागवला, याची नोंद वाचनालयाच्या देवघेव रजिस्टरात आपोआप होईल.